कमरेखालची गाठ

इंजेक्शन दोघांना एकाच दिवशी दिलं, एकाच सिस्टरने, एकाच खोलीत. मध्ये नुसता हिरवा पडदा. घरी येईपर्यंत आमचे हे लंगडायला लागले आणि मला मात्र काहीसुद्धा झालं नाही. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते ह्यांच्या कमरेपेक्षा जास्त होतं, हे आधीच सांगून टाकते. उगाच मागाहून कोणी मला सोज्वळ समजायला नको.

आम्हा दोघांना एचआयव्ही आहे. ह्यांना लग्नाआधीच होता, लग्नानंतर मला झाला. त्यांना ठाऊक नव्हतं असं ते म्हणतात आणि मी ते मान्य केलंय. पोट राहिलं तेव्हा रक्त तपासलं, तेव्हा दोघांचं एकदमच कळलं. वेळेत औषध मिळालं म्हणून मुलगी ठणठणीत निघाली, आता ती शाळेत जाते आणि मला गणित शिकवते. आम्हीही तसे ठणठणीतच. रोज जेवण झालं की एकेक गोळी घ्यायची. ती नेमाने घेतली तर विषाणू रक्तात शोधूनसुद्धा सापडत नाही. हे लिफ्ट दुरुस्त करतात, मी कपड्यांचं अल्टरेशनचं दुकान चालवते, सासूबाई आमच्याजवळ असतात आणि त्यांना यातलं काही माहीत नाही. गोळ्यांच्या डब्यांवरची लेबलं मी नखाने खरवडून काढते. सासूबाईंना वाटतं, सून आणि मुलगा शक्तीच्या गोळ्या खातात. "एवढी शक्ती खाऊन तुम्ही दोघं कायम दमलेलेच कसे?" असं त्या अधूनमधून विचारतात.

तर हॉस्पिटलच्या संशोधन विभागात नवीन औषध आलं होतं. दोन महिन्यांतून एकदा इंजेक्शन, बस. रोजची गोळी नाही, लेबल खरवडणं नाही. मी तर उडीच मारली. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "थांबा, आधी नीट ऐका. हा अजून अभ्यास आहे. प्रत्येकाला इंजेक्शनही मिळणार आणि रोजची गोळीही. निम्म्या लोकांचं इंजेक्शन खरं, गोळी खोटी. उरलेल्यांची गोळी खरी, इंजेक्शन खोटं. कोणाला काय, ते संगणक ठरवतो. मला कळणार नाही, सिस्टरला कळणार नाही आणि तुम्हालाही नाही. दोन्हींतलं एक तरी खरं आहेच, म्हणून दोन्ही घ्यायची. एकही सोडायचं नाही."

दोघांनी सह्या केल्या. मला आपलं वाटलं, संगणकाला काहीतरी रीत असेल. दुखणं कोणी आणलं आणि कोणाच्या गळ्यात पडलं, एवढं तरी बघत असेल. कसलं काय!

खरं-खोटं फक्त एकाच माणसाला माहीत असायचं, तो म्हणजे औषधं भरणारा फार्मासिस्ट. त्याची वेगळी खोली, दाराला कुलूप, एक छोटी खिडकी. इंजेक्शन तो आत भरायचा, सिरिंजवर पिवळा कागद गुंडाळायचा आणि खिडकीतून सिस्टरच्या हातात ठेवायचा. आमच्याशी बोलायची त्याला सक्त मनाई. त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलेले आम्ही सगळे त्याचं तोंड वाचायचो. एकदा तो एका बेकरीवाल्याकडे बघून किंचित हसला, तर तो बेकरीवाला पुढे कित्येक दिवस हवेत होता. मग मी एकदा त्याच्यासाठी चहा घेऊन गेले. त्याने चहाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खिडकी लावून घेतली. मेला काय खडूस!

तो बेकरीवालाच आमच्या बाकाचा गुरू. त्याने सगळ्यांना पढवलं होतं, "दुखतंय ना? मग खरं. खोट्यात काय, पाणी. पाण्याने कुठे दुखतं का?" आम्हाला ते चोख पटलं. मग काय विचारता! आत जाताना धड चालणारी माणसं बाहेर येताना पाय ओढत यायची. एक बाई तर दोन्ही पायांनी लंगडायची. इंजेक्शन एकाच बाजूला दिलं होतं.

आमच्या ह्यांचं मात्र नाटक नव्हतं. कमरेखाली उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली, टणक, लाल. घरी आले आणि सोफ्यावर पालथे पडले. सासूबाई घाबरल्या.

"काय रे, लिफ्टमधून पडलास की काय?"

"नाही गं आई. जरा लचकलंय."

झालं! सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी काढली, उशी दिली, मला म्हणाल्या, "बघतेस काय, त्याला चहा दे." मीही तेच इंजेक्शन घेऊन आले होते, पण मला कोण उशी देणार? मी चहा केला. कप ठेवताना हे हळूच म्हणाले, "हात लावून बघ. कशी दगडासारखी झालीय." आणि असे हसले, जसं काही परीक्षेत पहिला नंबर आलाय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

खरं सांगते, मी कधी कोणाच्या साडीवर जळले नाही, दागिन्यावर जळले नाही. जावेने नवं घर घेतलं तेव्हा मी स्वतः पडदे शिवून दिले. पण नवऱ्याच्या कुल्ल्यावरच्या गाठीवर मी जळले. दुकानात कपडे घालून बघायची खोली आहे, तिथे मोठा आरसा आहे. गिऱ्हाईक नसलं की मी आत जायची, कडी लावायची आणि मान वळवून वळवून बघायची, जरा तरी लाल झालंय का. दाबून बघायची. काही नाही! मऊच्या मऊ. पुढच्या इंजेक्शनला मी सिस्टरला म्हटलं, "जरा जोरात टोचा." ती म्हणाली, "मावशी, भिंतीत खिळा ठोकत नाहीये मी."

ह्यांची दुसरी गाठ पहिलीपेक्षा मोठी आली.

मग मी खोटं बोलले. डॉक्टरबाईंनी विचारलं, दुखलं का, तर म्हटलं, "फार हो. रात्रभर डोळा नाही लागला." त्यांनी झोपवलं, बोटांनी चाचपलं, मोजपट्टी लावून बघितली. गाठ असेल तर सापडणार ना! सापडला तो एक निळा डाग.

"हे कशाने झालं?"

"टेबलाचा कोपरा लागला."

"एवढ्या मागे? टेबलावर बसता की काय तुम्ही?"

मीच तो कोपरा स्वतःला लावून घेतला होता, दुखतं कसं ते तरी कळावं म्हणून. बाई ओरडल्या नाहीत, पण पट्टी ठेवून म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही नसलेलं दुखणं लिहून दिलंत, तर उद्या हे औषध भलत्याच कारणाने मागे पडेल. बाहेर कितीतरी लोक त्याची वाट बघतायत." मी मान डोलावली. मला खरंच लाज वाटली. पण बाहेर आले, तर हे बाकावर तिरके टेकून बेकरीवाल्याला आपल्या गाठीचं वर्णन ऐकवत होते, आणि ती लाज कुठल्या कुठे पळाली.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी मी उष्टी ताटं घेऊन आत गेले, तर हे बेसिनशी उभे. तळहातावरची गोळी त्यांनी नळाखाली धरली, बोटाने चुरली आणि सोडून दिली. मग हात धुतले, अगदी साबण लावून.

"अहो, हे काय?"

"खडू आहे तो," हे म्हणाले. "माझं इंजेक्शन खरं आहे. दोन्ही कशाला?"

"सिस्टर परत मोजते ना गोळ्या?"

"मोजू दे. डबी रिकामीच नेतो." आणि निघून गेले, बाहेर टीव्ही लावला.

मी तिथेच उभी. हातात माझी गोळी. आता हे सांगायला हवं, नाहीतर मी नुसतीच खाष्ट वाटेन. ह्यांनी माझी कधी माफी मागितलेली नाही. मागणार तरी कशी? अशा गोष्टीला कुठले शब्द पुरणार? पण इतकी वर्षं रोज जेवण झालं की आम्ही दोघं स्वयंपाकघरात यायचो, दार लोटायचो, आणि गोळी हातात घेतली की ह्यांची मान आपोआप खाली जायची. एक घोट पाणी, बस, एवढंच. मला ते पुरायचं. दिवसातून एकदा तरी ह्यांना आठवतंय, माझं काय झालं ते. दिवसभर मी गप्प राहायची ती त्या एका मिनिटाच्या भरवशावर. आणि आता हे सुटले! देणाराच सुटला आणि घेणारी बसली गोळी गिळत. कमरेखालच्या त्या गाठीने ह्यांना सगळं विसरायची मुभाच दिली होती.

म्हणून मी जळत होते. इंजेक्शनचं निमित्त होतं नुसतं.

पुढे रोज मी एकटीच गोळी घ्यायची. बाहेरून बातम्यांचा आवाज यायचा, सासूबाईंना हे काहीतरी सांगून हसवत असायचे. मी पाणी प्यायची आणि मनात म्हणायची, ह्यांचंच खोटं निघू दे. बेकरीवाल्याचा सिद्धांत पडू दे तोंडावर. माझं खरं निघू दे आणि ह्यांचं खोटं. नवऱ्यासाठी बायका काय काय मागतात. मी हे मागत होते.

पुढच्या वेळी रक्त दिलं आणि थोड्या दिवसांनी विभागातून फोन आला, दोघांनी या.

डॉक्टरबाईंनी दार लावलं. ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या रक्तात विषाणू परत दिसायला लागलाय. थोडा नाही, बराच. गोळ्या चुकल्या का?"

"नाही."

"एखादी? प्रवासात वगैरे?"

"एकही नाही. डबी रिकामी आणलीय बघा."

बाईंनी सुस्कारा सोडला. "मग एकच अर्थ निघतो. इंजेक्शन असो की गोळी, तुमचा विषाणू त्याला जुमानत नाही. अभ्यासात तशी नोंद होईल, औषध हरलं म्हणून. आणि तुम्हाला दुसरी औषधं सुरू करावी लागतील. ती जड आहेत. दिवसातून दोनदा, मूठभर गोळ्या, पोट बिघडतं, झोप बिघडते. पण इलाज नाही."

मला वाटलं, आता हे बोलतील. कुठला माणूस फुकट मूठभर गोळ्या ओढवून घेईल? पण हे म्हणाले, "चालेल." नुसतं "चालेल"! आणि माझ्याकडे बघितलं, गप्प बस असं.

"बेसिनमध्ये टाकतात," मी म्हटलं. "रोज. साबणाने हात धुतात वर."

काळजीपोटी बोलले असं म्हणायला मलाही आवडेल. पण नाही. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की ह्यांना आता अभ्यासातून काढतील. इंजेक्शन बंद होईल, गाठ बंद होईल, ती उशी आणि ती पिशवी बंद होईल, आणि हे मुकाट्याने परत त्या स्वयंपाकघरात येतील. जळफळाटाने बोलले मी. खरं बोलले, पण जळफळाटाने.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. आता यांना काय मिळत होतं ते मला बघावं लागेल. त्याची परवानगी काढावी लागते. बसा." आणि बाहेर गेल्या.

खोलीत आम्ही दोघं. भिंतीवर शरीराचं चित्र, त्यात सगळ्या नसा लाल-निळ्या.

"झालं समाधान?" हे म्हणाले.

"नाही अजून," मी म्हटलं.

बाई परत आल्या त्या उभ्या उभ्याच बोलल्या. "तुमची गोळी खरी होती. इंजेक्शन खोटं. म्हणजे गोळी टाकायला लागल्यापासून तुमच्या अंगात औषध म्हणून काहीही नव्हतं. एक प्रकारे तेही नशीबच. थोडंथोडं औषध पोटात गेलं असतं, तर विषाणू त्याला सरावला असता. आता बहुतेक जुनीच गोळी चालेल. खात्रीसाठी रक्त पुन्हा तपासू. यांनी सांगितलं नसतं, तर मी तुम्हाला विनाकारण ती जड औषधं दिली असती, आयुष्यभर."

"पण दुखायचं किती!" मी म्हटलं. "ती गाठ?"

"खरं औषध दुधासारखं दिसतं. खोटंही तसंच दिसावं म्हणून तेलकट पांढरा द्रव भरतात. काहींना तोच बाधतो. आणि खरं औषध मिळणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना टोचलेलं कळतसुद्धा नाही."

मला हसू फुटलं. आवरलंच नाही. फटकन फुटलं, डॉक्टरांच्या खोलीत, नवऱ्याच्या रक्तात विषाणू उसळलेला असताना! मागितलं तस्सं मिळालं होतं. आणि हसता हसताच दुसरं डोक्यात आलं. दुखण्यावरून काही ठरत नसेल तर मग माझं?

"माझं काय आहे हो बाई?"

"तुमचं गुपितच राहणार. अभ्यास संपेपर्यंत मलाही कळणार नाही. तुम्ही दोन्ही घेत राहायचं." मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. आवाज जरा खाली आणला. "असं कराल असं वाटलं नव्हतं मला. इंजेक्शन खरं आहे असं वाटलं, म्हणून बंद केलीत ना?"

"हो" म्हटलं असतं की संपलं असतं. ह्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तसं हिला सांगितलं," हे म्हणाले. "पण तसं नाही. ती गोळी मला गिळवत नाही बाई. रोज ही माझ्यासमोर उभी राहते आणि गिळते. मी दिलेलं. माझ्यामुळे. मला वर बघायची हिंमत होत नाही. इतकी वर्षं झाली, एक दिवस सुट्टी नाही. इंजेक्शन दुखलं तेव्हा वाटलं, निमित्त मिळालं, आता त्या खोलीत जायला नको."

"आणि इंजेक्शन खोटं असेल, हा विचार नाही आला?"

"आला होता."

"मग?"

"म्हटलं, असू दे."

बाई खुर्चीत बसल्या. माझं हसू अजून तोंडावर तसंच होतं, ते कुठे ठेवू मला कळेना. मी ह्यांच्यावर जळत होते, की हे विसरले म्हणून. आणि हा माणूस विसरता येत नाही म्हणून मरायला तयार झाला होता. सोफ्यावर पालथं पडून हसत होता तोही बहुधा त्याच आनंदात, की आता स्वयंपाकघरात जावं लागणार नाही. आणि मी ती खाली गेलेली मान रोज बघायची, पोटभर बघायची, माझं येणं वसूल झाल्यासारखी. मला रडू आलं. राग पण आला, भयंकर आला, आणि कोणाचा ते धड ठरवता येईना.

बाहेर सिस्टरने ह्यांच्या हातात जुन्या गोळीची डबी दिली आणि अभ्यासाचं ओळखपत्र काढून घेतलं. बेकरीवाला बाकावर होताच. "काय साहेब, आज गाठ कशी आहे?" त्याने विचारलं.

"तुमचं दुखतं का?" मी त्याला विचारलं.

"भयंकर!" तो आनंदाने म्हणाला.

"तरी गोळी सोडू नका. एकही सोडू नका, सांगून ठेवते," मी म्हटलं. एवढ्या मोठ्याने म्हटलं की खिडकीतून फार्मासिस्टने बाहेर डोकावून बघितलं.

रस्त्याने आम्ही चालत निघालो. हे अजून थोडे लंगडत होते. मी हात धरला नाही, पण चाल कमी केली. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, "आजपासून माझ्यासमोर घ्यायची. मला विश्वास नाही तुमचा."

"तुझ्यासमोरच जमत नाही, तेच सांगितलं ना."

"मग माझ्याकडे पाठ करून घ्या. पण घ्या."

कोपऱ्यावर थांबून ह्यांनी डबी खिशातून काढून बघितली आणि परत ठेवली.

रात्री जेवणं झाली. सासूबाई आणि मुलगी बाहेर टीव्हीसमोर बसल्या. मी दार लोटलं, माझी गोळी घेतली, पाणी प्यायले. ह्यांनी डबीचं झाकण काढलं आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शिक्षा केलेल्या पोरासारखे. मागून मला त्यांचे कान दिसत होते, लाल झालेले. पाण्याचं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"घेतली?"

"घेतली."

तरी ते हलेनात. तसेच उभे, भिंतीकडे बघत. मला वाटलं असतं, तर मी दार उघडून बाहेर जाऊ शकले असते. त्यांचीही सुटका झाली असती आणि माझीही.

"आ करा," मी म्हटलं.

"काय?"

"आ करा. बघू दे मला, गिळलीय की गालात धरलीय."

मग मात्र ह्यांना माझ्याकडे वळावंच लागलं.